चौदा वर्षांचा हिशेब: जन्मठेपेतल्या माणसाची मुदतपूर्व सुटकेची फाईल कशी लावून धरायची

दादाला जन्मठेप लागली त्या दिवशी सेशन कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर मामा आईला समजावत होते, "अक्का, रडू नकोस. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. आत दिवस आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणजे सातच." आईने ते सात खरे धरले. सात वर्षं भरली त्या दिवाळीत तिने घराला चुना काढला. दादा आला नाही. मग तिने विचारणंच सोडलं.

दादा १८ वर्षं ९ महिन्यांनी घरी आला. त्यातले शेवटचे सात महिने कुठल्या न्यायाधीशाने दिलेले नव्हते, फाईल उशिरा हलली म्हणून ते गेले. मी विट्याला शिवणकाम करते, कायदा शिकलेली नाही. पण मुलाकतीच्या रांगेत ज्या बायका भेटल्या, त्यांतल्या अकरा-बारा घरांच्या फायली मी नंतर मशीनवरून उठून लावून दिल्या. सगळे तेच विचारतात आणि मी तेच सांगते, म्हणून एकदाचं लिहून काढते. हे महाराष्ट्रातल्या जन्मठेपेच्या बंद्यांसाठी आहे. गोव्याचे नियम वेगळे आहेत, त्यातली एकच गोष्ट पुढे येईल.

आधी मामांचं गणित पुसून टाका. दिवस-रात्र वेगळी कुठेच मोजत नाहीत. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ साली, गोपाळ गोडसे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यातच सांगितलं: माफी कितीही साठो, सरकारचा आदेश निघाल्याशिवाय दरवाजा उघडत नाही. मग चौदा आले कुठून? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३अ मधून. ते १८ डिसेंबर १९७८ पासून लागू झालं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप लागली, तर प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकारलाही माफीने सोडता येत नाही, असं ते कलम म्हणतं. म्हणजे चौदा हा उंबरठा आहे. त्याच्या आधी बाहेर सोडत नाहीत एवढंच, चौदा झाले की सोडतात असं नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात हेच कलम ४७५ झालं आणि माफीचा अधिकार देणारं जुनं ४३२ आता ४७३ आहे. अर्जात दोन्ही आकडे लिहा. टेबलापलीकडच्या माणसाला कुठला ओळखीचा असेल सांगता येत नाही.

मग तीन गोष्टी पाहून घ्या, नाहीतर पुढची मेहनत वाया जाते.

पहिली, निकालपत्राचं शेवटचं पान. तिथे 'उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर' किंवा 'अमुक वर्षं माफीशिवाय' असं लिहिलेलं आहे का? हायकोर्ट आणि सर्वोच्च न्यायालय अशी शिक्षा देऊ शकतात, २०१५ च्या श्रीहरन निकालाने ते पक्कं झालं. तसं असेल तर खाली लिहिलेला बराचसा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे. आधी वकिलाला तेच पान दाखवा.

दुसरी, खटला कुठल्या राज्यात चालला. गुन्हा कुठे घडला किंवा माणूस कुठल्या जेलमध्ये आहे याला महत्त्व नाही, शिक्षा ज्या राज्याच्या कोर्टाने दिली त्या राज्याचं सरकार निर्णय घेतं. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातचा होता आणि खटला मुंबईत चालला होता. गुजरात सरकारने सोडलेल्या अकरा जणांची सुटका सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला रद्द केली, त्याचं एक मुख्य कारण हेच होतं. सीबीआयचा तपास असेल तर केंद्र सरकारचाही संबंध येतो.

तिसरी, दंड. दादाला ५,००० रुपये दंड होता, न भरल्यास सहा महिने. आमच्याकडे तेव्हा पैसे नव्हते, नंतर कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सुटकेचा आदेश आल्यावर हे सहा महिने डोकं वर काढतात. कोर्टाच्या नाझरकडे, म्हणजे कोर्टाचे पैसे घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दंड भरून पावती घ्या आणि तिची प्रत जेलला द्या. खरंच ऐपत नसेल तर २०२३ पासून केंद्राची गरीब बंद्यांसाठी योजना आहे, शिक्षा लागलेल्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड त्यातून भरला जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

आता वही

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर अटकेची तारीख, दुसऱ्या ओळीत शिक्षेची तारीख. आमची अशी: अटक १४ जून २००३, शिक्षा २१ ऑक्टोबर २००५. मधले २ वर्षं ४ महिने ७ दिवस म्हणजे कच्च्या कैदेचा काळ. तो शिक्षेत धरला जातो, जन्मठेपेतही. जेलमध्ये याला 'सेट ऑफ' म्हणतात. यात एक गोम आहे. पोलीस कोठडीचे दिवससुद्धा सेट ऑफमध्ये येतात. आमच्या तक्त्यात ते ११ दिवस गायब होते, कारण जेलने दादाला ताब्यात घेतलं त्या तारखेपासून मोजलं होतं. ११ दिवस म्हणजे काही नाही, असं मला एका लिपिकाने तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही रजा टाकून ११ दिवस आत राहून बघा. हे बोलायला नको होतं, पुढचे दोन महिने त्यांनी मला दारात उभं केलं. तुम्ही बोलू नका. अटक पंचनाम्याची आणि रिमांडच्या कागदाची झेरॉक्स जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या.

वहीत पुढे दोन रकाने आखा: 'बाहेरचे दिवस' आणि 'माफी'.

बाहेरच्या दिवसांत पॅरोल आणि फर्लो यांची गल्लत करू नका. महाराष्ट्राच्या नियमांत दोन्ही आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा. ती वेळेत परत आल्यास शिक्षेत धरली जाते. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. आजारपण, मयत, लग्न अशा कारणाने मिळते, पण ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. गोव्याच्या बंद्यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, की पॅरोलचे दिवस चौदा वर्षांत मोजा. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने नाही म्हटलं. आमच्या दादाचे पॅरोलचे एकूण चार महिने झाले: वडील गेले तेव्हा, आईचं ऑपरेशन झालं तेव्हा, आणि माझ्या लग्नाला. ते घेतल्याबद्दल कुणाला पश्चात्ताप नाही, पण ते चार महिने शेवटी जोडले जाणार हे तेव्हाच कळलं असतं तर बरं झालं असतं. २०२० मध्ये कोविडचा इमर्जन्सी पॅरोल निघाला. सात वर्षांपेक्षा मोठ्या शिक्षेवाल्यांसाठी अट होती की आधीच्या दोन्ही वेळी वेळेत परतलेला असावा. दादा त्यात बसत होता. त्याने घेतला नाही. म्हणाला, "बाहेर जाऊन वर्ष काढीन आणि ते धरलं नाही तर?" आई त्याच्याशी महिनाभर बोलली नाही.

परतायला उशीर ही सगळ्यात महाग चूक. एका दिवसाच्या उशिराला अनेक दिवसांची माफी कापली जाते, शेरा पडतो, आणि फाईल मुंबईला गेल्यावर तो शेरा सगळ्यात आधी वाचला जातो. गाडी चुकली, ताप होता, काहीही असो. दवाखान्यात असाल तर त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. आमच्यात नियम होता: परत जायच्या आदल्या दिवशीच जेलच्या गावात मुक्काम.

माफीचा रकाना थोडा गोड आहे. १९६२ च्या महाराष्ट्राच्या माफीच्या नियमांनुसार चांगल्या वागणुकीसाठी आणि कामासाठी दर महिन्याला काही दिवस मिळतात. वर्षभर एकही गुन्हा न केल्याची वेगळी माफी, अधीक्षक आणि महानिरीक्षक देतात ती विशेष माफी, आणि शासन एखाद्या प्रसंगी जाहीर करतं ती राज्य माफी असते. परीक्षा पास झाल्यावरही विशेष माफी मिळते. दादा दहावी नापास होता. आत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून त्याने बी.ए. केलं. बाहेर असता तर केलं नसतं, हे तोच हसून सांगतो. दर वर्षी एकदा त्याच्याकडून माफीचे एकूण दिवस विचारून वहीत लिहायचं. ते हिस्ट्री टिकटवर, म्हणजे बंद्याच्या जेलमधल्या नोंदींच्या कागदावर, आणि माफीच्या कार्डावर असतात. दोन वर्षांनी आकडा कमी झालेला दिसला तर लगेच विचारा. एकदा दादाची ४० दिवसांची माफी एका जेलमधून दुसऱ्या जेलला बदली होताना वाटेतच राहिली होती.

खुलं कारागृह ही अशी संधी आहे जी पुष्कळ घरांना माहीतच नसते. बंद कारागृहात ठरावीक वर्षं चांगली काढली की निवड होऊ शकते, सगळ्या गुन्ह्यांसाठी नाही. तिथे बंद जेलपेक्षा जास्त माफी पडते. पैठणला मोठी शेती आहे, मोर्शी आणि विसापूरला आहे, येरवड्याला आहे. आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानाच्या काळात १९३९ साली सुरू झालेलं, तिथे बंदी कुटुंबासह राहतात. आटपाडीच्या बाजारातून कितीदा आम्ही त्या बाजूने गेलो असू, पण दादा आत जाईपर्यंत ते काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. दादा शेवटी पैठणला गेला, ऊस आणि गहू केला. भेटायला गेले तेव्हा पहिल्यांदा त्याचे हात मला ओळखीचे वाटले. निवडीसाठी बंद्याने स्वतः अधीक्षकांकडे विनंती अर्ज करायचा, तो दरवर्षी करायचा, एकदा नाकारला म्हणून सोडायचा नाही.

कॅटेगरी

इथे सावकाश वाचा. वर्षं इथे वाढतात किंवा कमी होतात.

शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: १९९२ ची, २००८ ची, १५ मार्च २०१० ची. त्यात खुनाचे प्रकार पाडले आहेत. रागाच्या भरात, एकट्याने, आधी न ठरवता केलेला. ठरवून केलेला. अनेकांनी मिळून केलेला. अमानुष क्रूरतेने केलेला. स्त्रिया आणि लहान मुलांवरचे गुन्हे वेगळे आणि जड. प्रत्येक प्रकारासमोर वर्षं लिहिलेली आहेत, ती २०, २२, २४, २६ अशी चढत जातात आणि काहींना त्याहून वर. ही वर्षं माफी धरून मोजायची, पण प्रत्यक्ष चौदा झालेली असलीच पाहिजेत. म्हणजे २२ च्या वर्गातला माणूस प्रत्यक्ष १८ आणि माफी ४ अशी मिळून २२ भरतो. एका खान्यातून दुसऱ्या खान्यात गेलं की दोन वर्षं इकडची तिकडे होतात. आणि हा खाना बहुतेक वेळा निकालपत्रातल्या दोन-तीन वाक्यांवर ठरतो.

कुठल्या साली आलेलं धोरण लावायचं? शिक्षा लागली त्या दिवशी जे होतं ते. नंतरचं धोरण बंद्याला जास्त फायद्याचं असेल तर त्याचा लाभ द्यायचा. हरियाणा सरकार विरुद्ध जगदीश, सर्वोच्च न्यायालय, २०१०. ही ओळ अर्जात जशीच्या तशी घाला.

आमचं सांगते. पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडण झालं. भावकीतलाच माणूस होता. दादासोबत आणखी दोघांना आरोपी केलं, तिघांनाही जन्मठेप लागली. २०११ मध्ये अपिलात हायकोर्टाने त्या दोघांना निर्दोष सोडलं, दादाची शिक्षा कायम ठेवली. २०१७ ला चौदा वर्षांचा प्रस्ताव तयार झाला तेव्हा त्यात फक्त सेशन कोर्टाचा निकाल जोडला होता. तिथे तीन आरोपी दिसतात. तिघांनी मिळून केलेला खून म्हणून २०१८ ला दादा २४ वर्षांच्या खान्यात पडला. हायकोर्टाचा निकाल जेलच्या कागदांत होता, फक्त प्रस्तावाला लावलेला नव्हता. सहा पानं. त्या सहा पानांची किंमत दोन वर्षं होती, आणि ते मला कळायला दीड वर्ष गेलं.

म्हणून हे करा. सेशन कोर्टाचा निकाल आणि अपिलाचा निकाल, दोन्हींची खरी नक्कल काढा. पेन्सिल घेऊन बसा. भांडण अचानक झालं का, हत्यार आधीपासून बरोबर होतं का जागेवरचं उचललं, किती वार, आधीचे गुन्हे आहेत का, किती जण शेवटी दोषी राहिले, या प्रत्येकाखाली रेघ मारा. मग दहा ओळींचं निवेदन लिहा, परिच्छेदाचा नंबर देऊन. ते चौदा वर्षं भरायच्या आधीच, शक्यतो दोन वर्षं आधी, अधीक्षकांना द्या. प्रस्तावाला जोडण्याची विनंती करा.

आणि प्रामाणिक राहा. मला दादाला २० च्या खान्यात बसवायचं होतं, रागाच्या भरात म्हणून. वकीलबाई म्हणाल्या, "तो फावडं आणायला घरापर्यंत गेला होता. निकालात लिहिलंय. हे आपण लपवायचं नाही, नाहीतर बाकीचं पण कुणी मानणार नाही." बरोबर होतं. तो गेला होता. आम्ही २२ मागितले.

फाईल कुठून कुठे जाते

अधीक्षक नॉमिनल रोल करतात, म्हणजे बंद्याची सगळी कुंडली. मग स्थानिक पोलीस, जिल्हा प्रशासन आणि शिक्षा देणारं कोर्ट यांचे अभिप्राय मागवतात. तिथून पुण्याला कारागृह मुख्यालय, तिथून मंत्रालयात गृह विभाग. अंतिम आदेश तिथला. जिथे जिथे टपाल थांबतं तिथे तिथे फाईल थांबते, म्हणून प्रत्येक टप्प्याचा जावक क्रमांक वहीत पाहिजे. जावक क्रमांक विचारणाऱ्या माणसाला 'गेली असेल' असं उत्तर देता येत नाही.

पोलिसांचा अभिप्राय बऱ्याचदा एकाच साच्यातला असतो: सुटल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता. आमच्यातही तेच आलं. त्याला उत्तर रागाने देऊ नका, सोय दाखवा. दादा गावात राहणार नाही, विट्याला माझ्याकडे राहील, असं मी आणि माझ्या नवऱ्याने शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलं. घराची पट्टी जोडली. माझ्या दुकानाला लागून टेलरिंगचं सामान विकायची जागा देऊ, असंही लिहिलं. जेलच्या शिवण विभागात तो सहा वर्षं होता, त्याचा दाखला जोडला. पोलिसांनी नकार दिला तरी तेवढ्यावर संपत नाही. २०२३ च्या राजो उर्फ राजवा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं की असे अहवाल आंधळेपणाने धरू नयेत, माणूस आता कसा आहे ते बघा.

न्यायाधीशांच्या अभिप्रायाचंही तसंच. 'गुन्हा गंभीर आहे' एवढ्या एका ओळीने भागत नाही. २००० च्या लक्ष्मण नस्कर निकालात पाच प्रश्न दिले आहेत: गुन्हा व्यक्तिगत होता की समाजावर आघात करणारा, पुन्हा करण्याची शक्यता आहे का, करण्याची ताकद उरली आहे का, आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, आणि घरची परिस्थिती काय. एप्रिल २०२२ मध्ये छत्तीसगडच्या राम चंदर प्रकरणात नुसत्या ठोकळेबाज अभिप्रायामुळे सर्वोच्च न्यायालयाने नवा अभिप्राय मागवायला लावला. तुमच्या निवेदनाला या पाच प्रश्नांची पाच उत्तरं जोडा, पुराव्यासह. आजारी किंवा म्हातारा बंदी असेल तर वैद्यकीय कागद इथेच लागतात.

मयताच्या घरी सही मागायला जाऊ नका. त्यांच्या संमतीची कायद्यात अट नाही. मला कुणीतरी सांगितलं म्हणून मी मयताच्या बायकोकडे, भावकीतल्या वहिनींकडे, गेले होते, साखरेचा पुडा घेऊन. त्यांनी पाणी दिलं. मी बोलायला लागले तर म्हणाल्या, "तुझा भाऊ येईल गं. माझं काय?" मी पुडा तिथेच ठेवून आले. त्यांनी विरोधाचा अर्ज केला नाही, पण तो माझ्या जाण्यामुळे नव्हे, आणि मी गेले ते चुकलंच. दबाव टाकला अशी तक्रार झाली असती तर फाईल तिथेच मेली असती, हा वेगळा भाग.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. अर्ज बंद्याच्या स्वतःच्या सहीने जेलमधूनच करा, नातेवाइकाने केला तर 'त्रयस्थाची माहिती' म्हणून परत येतो. काय मागायचं: नॉमिनल रोल, माफीचा तक्ता, सर्व अभिप्रायांच्या प्रती, प्रस्तावाचा जावक क्रमांक आणि तारीख. व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी असं कलम ७(१) म्हणतं, ते अर्जात वरच लिहा. ४८ तासांत आम्हाला कधीच मिळाली नाही, पण महिनाही लागला नाही.

एजंटांपासून लांब राहा. 'मंत्रालयात ओळख आहे' म्हणणारे मुलाकतीच्या रांगेतच भेटतात. आमच्या ओळखीतल्या एकीने म्हैस विकून चाळीस हजार दिले. तिची फाईल तेव्हा जेलमधून निघालीसुद्धा नव्हती.

वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२: कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत. हेल्पलाईन १५१००. हायकोर्टासाठी तिथली वेगळी विधी सेवा समिती आहे.

नाही म्हटलं किंवा काहीच म्हटलं नाही तर

आता तुमच्या हातात आमच्यापेक्षा मोठं हत्यार आहे. १८ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याचं धोरण असेल तर त्यात बसणाऱ्या प्रत्येक बंद्याचा विचार सरकारने स्वतःहून करायचा, बंद्याने अर्ज केला नसला तरीही. नाकारलं तर कारणं लिहायची आणि ती बंद्याला कळवायची. म्हणून पहिली मागणी सुटकेची नको. 'माझ्या प्रकरणात काय निर्णय झाला, त्याची कारणांसह प्रत द्या' ही पाहिजे. कारण हातात आलं की हायकोर्टात त्याच्यावर बोट ठेवता येतं.

हायकोर्टात जायचं ते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, फौजदारी रिट. बंदी जेलमधून साध्या कागदावर लिहून अधीक्षकांमार्फत पाठवू शकतो, त्यावर वकील नेमून मिळतो. आता सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. मला रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागायची, सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन कोर्टात.

रिटमध्ये 'सोडा' असं मागितलं तर बहुतेक वेळा कोर्ट म्हणतं, तो अधिकार सरकारचा. 'चुकीच्या खान्यात टाकलं, कागद न बघता टाकलं, अमुक मुदतीत पुन्हा विचार करा' असं मागितलं तर ऐकून घेतात. आमचं तसंच झालं. २०२१ च्या अखेरीस कोर्टाने फेरविचार करायला सांगितला, अपिलाचा निकाल बघून. मार्च २०२२ मध्ये २२ वर्षांचा आदेश आला. वहीप्रमाणे दादाचे २२ ऑगस्ट २०२१ लाच भरले होते: प्रत्यक्ष १७ वर्षं १० महिने, माफी ४ वर्षं २ महिने. सात महिने कुठे गेले ते आता वाचणाऱ्याला कळेल.

बाहेर येताना

सुटकेच्या आदेशात अटी असतात, जातमुचलका असतो. नीट वाचून सही करा आणि प्रत मागा. अटी पाळता येण्याजोग्या असल्या पाहिजेत. 'सभ्यपणे वागेन' अशा मोघम अटी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात मनमानी ठरवल्या. किरकोळ कारणावरून परत आत घेता येत नाही, नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं. पण हजेरी लावायची अट असेल तर ती एकदाही चुकवू नका.

बरोबर घेऊन जायच्या वस्तू: दंडाची पावती, हमीदाराचं आधार, दोन फोटो, नवीन चप्पल. चप्पल मी विसरले होते. जेलमधल्या कामाच्या मजुरीतून साठलेले पैसे मिळतात, त्याची मोजणी करून सही करा.

आणि रेशनकार्डावरचं नाव आधीच बघून ठेवा. दादाचं नाव कधीतरी कमी झालं होतं, 'मयत' म्हणून. ते परत चढवायला सुटकेनंतर आठ महिने लागले. तलाठ्याने तो जिवंत असल्याचा पुरावा मागितला तेव्हा दादा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेला होता. आम्ही सुटकेच्या आदेशाची प्रत जोडली, पोच घेतली आणि वहीत तारीख लिहिली.